जुना कॉम्प्युटर बदलायच्या आधी अर्धा तास द्या



या आठवड्याच्या व्हिडिओत जुन्या कॉम्प्युटरचा विषय घेतला होता. व्हिडिओत हात चालत असतात, त्यामुळे ‘का’ सांगायला वेळ कमी पडतो. म्हणून इथे सविस्तर लिहिते. आणि आधीच सांगते, हे नुसतं ‘कसं करायचं’ नाही. यात माझं एक ठाम मत आहे आणि ते तुम्हाला पटावं असा माझा प्रयत्न आहे.

मत असं : दुकानातला जुना कॉम्प्युटर ‘मेमरी कमी आहे’ म्हणून ओरडायला लागला किंवा सकाळी चालूच झाला नाही, तर पहिला खर्च पैशाचा करू नका. पहिला खर्च अर्ध्या तासाचा करा. आणि तो अर्धा तास मालकाने स्वतः द्यायचा.

शिंपी आपल्या मशीनमध्ये तेल स्वतः घालतो. पिठाच्या गिरणीवाल्याला दगडाला टाके घालायची वेळ कधी आली ते आवाजावरून कळतं. मग ज्या मशीनवर आपली बिलं, आपली उधारी आणि आपलं जीएसटी रिटर्न आहे, त्या मशीनबद्दल ‘आपल्याला त्यातलं काय कळतंय’ असं म्हणून आपण हात वर का करतो?

आधी हिशोब

समजा नवीन मशीन ४०,००० रुपयांना पडलं. तुमच्या धंद्यात निव्वळ नफा १० टक्के सुटत असेल, तर हे ४०,००० वसूल करायला तुम्हाला ४ लाखांची विक्री करावी लागेल. हप्त्यावर घेतलं तर व्याज वेगळं. तेच काम ४,००० च्या दुरुस्तीत झालं, तर ४०,००० ची विक्री पुरते. उरलेले ३६,००० मालात घाला, दिवाळीच्या सीझनला हाताशी ठेवा. नवीन धंद्यात भांडवल अडकलं की माणूस अडकतो, हे वेगळं सांगायला नको.

अजून एक. तुम्ही रेग्युलर जीएसटीमध्ये असाल, तर रॅम, एसएसडी असे पार्ट धंद्यासाठी घेताना तुमच्या जीएसटी नंबरवर पक्कं बिल घ्या, त्या कराचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट नाही, पण वॉरंटीसाठी बिल हवंच. ‘बिलाशिवाय दोनशे कमी’ या मोहात पडू नका.

‘मेमरी फुल’ म्हणजे नेमकं काय फुल?

बॅचमध्ये दहातले आठ जण इथेच गोंधळतात. मेमरी हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. मी दुकानाचंच उदाहरण देते.

रॅम म्हणजे तुमचं काउंटर. गिऱ्हाईक समोर असताना जेवढा माल काढून ठेवता येतो, तेवढी जागा. हार्डडिस्क किंवा एसएसडी म्हणजे मागचं गोडाऊन. काउंटर भरलं की विंडोज काय करतं, तर काही माल तात्पुरता गोडाऊनच्या एका कोपऱ्यात सरकवतं. त्या कोपऱ्याला पेज फाइल किंवा व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. काउंटरही भरलं आणि गोडाऊनमध्येही पाय ठेवायला जागा नाही, अशी वेळ आली की ‘युवर कॉम्प्युटर इज लो ऑन मेमरी’ ही पाटी येते.

म्हणजे ही पाटी आली की लगेच रॅम विकत आणायला पळायचं नाही. कदाचित गोडाऊन साफ करूनच काम होईल. क्रम असा ठेवा.

१. पाटीचा मोबाइलवर फोटो काढा. शब्द जसेच्या तसे हवेत. ‘काहीतरी एरर येतोय’ एवढ्यावर कोणी निदान करू शकत नाही.

२. चालू काम सेव्ह करा आणि मशीन ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ नको. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुतेक वेळा चालू असते. तिच्यामुळे शट डाउन करूनही सिस्टिमचा काही भाग जसाच्या तसा साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उघडतो. रीस्टार्टमध्ये पाटी कोरी होते.

३. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘मेमरी’ या मथळ्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त जागा खाणारा वर येतो. बहुतेक दुकानांत तो ब्राउझर असतो. एका टॅबमध्ये जीएसटी पोर्टल, दुसऱ्यात व्हॉट्सॲप, तिसऱ्यात गाणी, आणि परवापासून उघडे राहिलेले पंधरा टॅब. प्रत्येक टॅब काउंटरवर आपली जागा धरून बसतो. लागेल तेवढेच ठेवा. दोन अँटिव्हायरस टाकले असतील तर एक काढा, दोघं एकमेकांच्या पायात येतात.

४. तिथेच ‘स्टार्टअप’ चा भाग असतो. मशीन चालू होताच आपोआप उघडणारी मंडळी तिथे दिसतात. रोज न लागणारी ‘डिसेबल’ करा. यात प्रोग्राम डिलीट होत नाही, फक्त न बोलावता येणं थांबतं. जे ओळखता येत नाही त्याला हात लावू नका.

५. सी ड्राइव्ह बघा. साधारण १५-२० टक्के जागा मोकळी हवी. रीसायकल बिन आणि टेम्पररी फाइल साफ करा. मग डाउनलोड फोल्डर उघडा. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्मची कामं करणाऱ्यांनी हे जास्त लक्ष देऊन वाचा. त्या फोल्डरमध्ये गिऱ्हाइकांची आधार, पॅन, मार्कशीट पडलेली असतात. लोकांनी ती विश्वासाने पाठवलेली असतात. काम झालं की ती तिथे राहायचं कारण नाही. जागा मोकळी होते आणि दुसऱ्याच्या कागदांची जोखीमही डोक्यावरून उतरते.

६. कोणीतरी ‘स्पीड वाढवायला’ पेज फाइल बंद केली आहे का ते पाहा. व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ ला खूण असावी. यूट्यूबवरचे झटपट उपाय करून ही खूण काढलेली मशीन बरीच सापडतात.

हे सगळं करूनही पाटी येत राहिली, तर मग काउंटर खरंच लहान आहे. आता रॅमचा विचार करा.

रॅम घेण्याआधी चार प्रश्न

सिस्टिमच्या ‘अबाउट’ पानावर किती रॅम आहे आणि विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, हे लिहिलेलं असतं. ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वर टाकलेली रॅम ते विंडोज वापरणारच नाही. पैसे फुकट. हा पहिला प्रश्न.

दुसरा, डीडीआर३ की डीडीआर४? दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकात दुसरी बसत नाही. तिसरा, डेस्कटॉपची की लॅपटॉपची? लॅपटॉपची पट्टी आखूड असते. चौथा, जागा आहे का? टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ मध्ये मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट आणि त्यातले किती भरलेले, हे बहुतेक मशीनवर दिसतं.

आणि मशीनची मुख्य तक्रार ‘चालू व्हायलाच दहा मिनिटं लागतात’ अशी असेल, तर रॅमच्या आधी हार्डडिस्ककडे बघा. फिरणाऱ्या तबकडीची जुनी डिस्क काढून साटा एसएसडी टाकली की चालू होण्याच्या वेळेत जेवढा फरक पडतो, तेवढा जुन्या मशीनवर दुसऱ्या कशानेच पडत नाही. पार्टचे भाव सारखे वरखाली होत असतात, त्यामुळे त्या दिवशी दोन ठिकाणी विचारा.

चालूच होत नाही? आधी कुठे अडलंय ते बघा

‘पीसी बंद पडला’ हे वाक्य मी बॅचमध्ये चालू देत नाही. गाडी बंद पडली म्हटल्यावर पेट्रोल संपलं, बॅटरी उतरली की इंजिन बसलं, हे विचारतोच ना? इथेही चार वेगळी दुखणी आहेत.

*पहिलं : काहीच हालचाल नाही. लाइट नाही, पंखा नाही.* बोर्डाचं बटण, यूपीएस, वायर, मागचं छोटं स्विच, याच क्रमाने बघा. वायर दुसऱ्या सॉकेटला लावून बघा. एवढं करून नाही झालं तर एसएमपीएसचा संशय. तो डबा स्वतः उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आत करंट साठून राहू शकतो. हे काम टेक्निशियनचं.

*दुसरं : पंखा फिरतो, स्क्रीन काळी, किंवा बीप वाजतात.* आधी मॉनिटरची वायर आणि मॉनिटरचा स्वतःचा लाइट बघा. ते ठीक असेल तर बऱ्याचदा रॅम नीट बसलेली नसते. धूळ, दमट हवा, कोकणातला पावसाळा, यांनी रॅमच्या सोनेरी दातांवर थर चढतो. मेन वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाते. रॅम काढा, दात पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कचरा झटका, आणि दोन्हीकडचे क्लिप ‘टक्’ वाजेपर्यंत परत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. बीप किती आणि किती लांब, ते मोजून ठेवा. त्यांचा अर्थ मदरबोर्डच्या कंपनीप्रमाणे बदलतो, तो तिच्या मॅन्युअलमध्ये मिळतो.

*तिसरं : कंपनीचा लोगो येतो आणि मग ‘नो बूटेबल डिव्हाइस’.* घाबरू नका. आधी सगळे पेनड्राइव्ह, कार्ड रीडर काढा आणि परत चालू करा. मशीन कधीकधी पेनड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसतं. माझ्या बॅचमधल्या मसाला उद्योग करणाऱ्या एका ताईंना एका रिपेअरवाल्याने ‘मदरबोर्ड गेला’ असं फोनवरच सांगितलं होतं. निघाला मागच्या बाजूला अडकलेला पेनड्राइव्ह.

तेही नसेल तर घड्याळ बघा. रोज सकाळी तारीख मागे गेलेली दिसते का? मग मदरबोर्डवरचा बटणासारखा गोल सेल, सीआर २०३२, संपलाय. तो शंभर रुपयांच्या आत मिळतो. तो संपला की बायोसची सेटिंग विसरली जातात, आणि विंडोज कुठल्या डिस्कवरून उचलायचं तेही मशीन विसरू शकतं. तारीख चुकली की बँकेची किंवा जीएसटीची साइटही ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडते. आपण मात्र इंटरनेटवाल्याला फोन लावत बसतो. सेल बदलण्याआधी बायोसच्या पानांचे फोटो काढून ठेवा. डिस्कचा मोड पूर्वी होता तोच परत ठेवावा लागतो, नाहीतर सेल नवा घालूनही विंडोज उघडणार नाही.

*चौथं : विंडोजचा लोगो येतो, मग निळी स्क्रीन किंवा गोल गोल फिरत राहतं.* सलग दोन-तीनदा असं झालं की विंडोज १० स्वतःच दुरुस्तीचं पान दाखवतं. तिथे ‘स्टार्टअप रिपेअर’ करून बघा. नाही जमलं तर ‘सेफ मोड’ मध्ये जा आणि शेवटी टाकलेला प्रोग्राम, ड्रायव्हर किंवा अपडेट काढा. विंडोज उघडलं की सर्चमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून रॅमची तपासणी लावा. लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल तर या पानावर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आजच शोधून कागदावर लिहून ठेवा.

आणि डिस्कमधून ‘टक टक’ आवाज येत असेल तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा चालू करू नका, कुठली दुरुस्तीची कमांड चालवू नका. डिस्क शेवटचे श्वास घेतेय. तिच्यातून आधी डेटा काढायचा, बाकी सगळं नंतर.

‘फॉर्मॅट मारूया’ हे पहिलं औषध नाही

इथे माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे. मशीन दुकानात नेलं की पाच मिनिटांत ऐकू येतं, ‘विंडोज करप्ट झालंय, फॉर्मॅट मारावं लागेल.’ त्या माणसाचीही बाजू आहे. निदानाला दोन तास लागतात आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. फॉर्मॅटचा दर मात्र ठरलेला असतो. म्हणून मी म्हणते, निदानाचे पैसे वेगळे द्यायची तयारी ठेवा. फुकटातलं निदान शेवटी महाग पडतं.

फॉर्मॅटमध्ये काय जातं? बिलिंग सॉफ्टवेअरचा डेटा बऱ्याचदा सी ड्राइव्हवर त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतो, ‘माय डॉक्युमेंट्स’ मध्ये नाही. विंडोजच्या रीसेटमध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी टाकलेले प्रोग्राम उडतात, आणि तो फोल्डर वाचेलच असं धरून चालू नका. त्यात कोणाकडून किती येणं आहे, कोणाला किती देणं आहे, ते सगळं असतं. जीएसटी कायद्यात तर वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशोब जपून ठेवायला सांगितलंय. ‘कॉम्प्युटर फॉर्मॅट झाला’ हे उत्तर तिथे चालत नाही. आणि उधारीच्या गिऱ्हाइकापुढे तर अजिबात चालत नाही.

म्हणून मशीन कोणाच्याही हातात देण्याआधी चार गोष्टी स्पष्ट बोला. माझा डेटा या फोल्डरमध्ये आहे, त्याची कॉपी माझ्यासमोर काढा. मला विचारल्याशिवाय फॉर्मॅट नाही. पार्ट बदललात तर जुना परत द्या. अंदाजे खर्च कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून द्या. चांगला टेक्निशियन याला नाही म्हणत नाही. जो म्हणतो, तिथून मशीन उचला.

बॅकअपचा माझा नियम साधा आहे. दोन पेनड्राइव्ह. शटर ओढायच्या आधी आज एकावर, उद्या दुसऱ्यावर. एक नेहमी घरी. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा. उघडलाच नाही तर तो बॅकअप असून नसल्यासारखा.

मग बदलायचं कधी?

जुन्याला कवटाळून बसा, असं मी म्हणत नाही. ‘जुन्यात पैसे घालू नये’ म्हणणाऱ्यांचंही थोडं खरं आहे. माझी मर्यादा अशी : दुरुस्तीचा खर्च नव्याच्या चौथ्या हिश्श्याच्या वर गेला, किंवा वर्षभरात दुसऱ्यांदा मोठं दुखणं निघालं, तर थांबा.

दुसरी मर्यादा सुरक्षेची. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेटची एक योजना मायक्रोसॉफ्टने दिली, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० लागतं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचं मशीन यात बसत नसेल, तर कितीही रॅम घाला, बँकेची कामं त्यावर करणं मी सुचवणार नाही.

पण म्हणून ते भंगारात द्यायचं का? नाही. इंटरनेट काढून त्यावर बिलं करा, लेबल छापा, प्रिंटरला जोडा. बँक आणि रिटर्नसाठी एक सुरक्षित मशीन, अगदी घरातलं चालेल. ज्यांचं काम फक्त ब्राउझर आणि टायपिंगचं आहे, त्यांनी लिनक्सही वापरून बघावं. आधी आपला प्रिंटर आणि आपलं बिलिंग सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, ते तपासा.

उद्योजकाला सगळं यायलाच पाहिजे असं नाही. पण आपल्या धंद्याचं कुठे दुखतंय, हे दुसऱ्याने सांगायच्या आधी आपल्याला समजलं पाहिजे. मशीनचं असो, मालाचं असो की उधारीचं, सवय तीच आहे. आधी बघा, लिहून ठेवा, स्वस्तातलं कारण आधी तपासा, महागातलं शेवटी. जो कॉम्प्युटरच्या बाबतीत हे शिकला, तो सप्लायरचं कोटेशनही तसंच तपासून घेईल.

आज दुकान बंद करताना तीन कामं करा. बिलिंगचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते शोधून वहीत लिहा. त्याची एक कॉपी पेनड्राइव्हवर घ्या. आणि सी ड्राइव्हवर किती जागा मोकळी आहे ते बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे. मशीन चालू आहे तोवरच ते सोपं आहे.

चला, कामाला लागा. पुढच्या व्हिडिओत उधारीची वही आणि वसुलीचा फोन, यावर बोलू.